हरभऱ्यातला बिनमाईकचा रेडिओ

आज सकाळी मळ्यात गेले तर चपलेचे पट्टे ओले झाले आणि पायांना ती ओळखीची चुणचुण लागली. हरभऱ्यावर आंब धरली होती. ज्यांनी पहाटे हरभऱ्याच्या वावरात पाय घातला नाही त्यांना आंब कशी सांगावी? पानांवर दव पडतं, पण ते नुसतं पाणी नसतं, चांगलं आंबट असतं. बोट लावून चाटलं तर दात आंबतात. माझ्या सासूबाई थंडीत रात्री धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवत, सकाळी पिळून ती आंब बाटलीत भरत, आणि कुणाचं पोट दुखलं की चमचाभर पाजत. पोट दुखायचं राहायचं की नाही ते देव जाणे, पण त्या बाटलीच्या धाकानं आमच्या घरात पोट दुखतं असं कुणी म्हणत नसे.

यंदा घाटे चांगले धरलेत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की तो कच्चा, आंबटसर हिरवा वास नाकात भरतो. मला भरतो. ह्यांना येत नाही. गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर माणूस नाकानं श्वास घेत नाही, गळ्याच्या खळगीत पाडलेल्या छिद्रातून घेतो. नाकात हवाच शिरत नाही तर वास कुठून येणार? डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी गेलेल्या आवाजाचं दुःख बाजूला ठेवून आधी वासासाठीच रडले. भाजीपाल्याच्या मळ्यात जन्मलेला माणूस, मेथी आणि शेपू डोळे झाकून वेगळी करणारा. आवाजासाठी रडायला पुढे वेळच वेळ होता.

आमचे हे म्हणजे वऱ्हाडातल्या मालेगावच्या शाळेतले विज्ञानाचे सर. मळा जऊळक्याच्या वाटेवर. अर्ध्यात वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि अर्ध्यात थंडीचा हरभरा. शाळा सुटली की सायकल मळ्याकडे. रिटायर झाल्यावर सायकलीची गाडी झाली, पण सर ते सरच राहिले. आख्खं शिवार त्यांना सर म्हणतं. त्यांचा आवाज तर काय सांगू. दिवस बुडताना रानडुकरं हाकलायला ते धुऱ्यावर उभे राहून हाक द्यायचे ना, तर नाल्यापलीकडची माणसं मान वळवून बघायची. वर्गात फुप्फुसाचं चित्र काढायचं, लाल-निळ्या खडूनं रंगवायचं, आणि तास संपला की कोपऱ्यावर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचा, हाही त्यांचाच कार्यक्रम. मी बोलून बोलून थकले. "अवं, सुपारीच तं हाय," म्हणायचे. आता बोलायचा सगळा मक्ता माझ्याकडेच आलाय, आणि खरं सांगते, एकटीनं बोलण्यात काही मजा नाही.

दुसरं व्यसन रेडिओचं. गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, गच्चीवर तार ताणायची, आणि मध्ये ना टॉवर ना कंपनी, आपल्या घरातून थेट दुसऱ्या कुणाच्या घरात बोलायचं. असे हौशी लोक देशभर विखुरलेले असतात आणि एकमेकांना न बघता वर्षानुवर्षं ओळखतात. पोहरादेवीच्या यात्रेत गर्दीनं मोबाइलची रेंज खाऊन टाकली की ह्यांची हँडी, हातात धरून बोलायचा छोटा सेट, कामी यायची. कुणाची म्हातारी हरवली, कुणाचं लेकरू सापडलं, हे मंडपात बसून सांगत राहायचे. घरी आले की दोन दिवस घसा बसलेला. मी मिठाच्या गुळण्या करायला लावायची आणि ते तेवढ्या बसलेल्या घशानं गुळण्यांबद्दल तक्रार करायचे.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ह्यांची ती परीक्षा होती. तेव्हा तारेची भाषा यावी लागे, मोर्स. छोटा तो डि, लांब तो डा, त्यांच्या जोड्यांनी अक्षरं बनतात. नव्या सुना सासरच्या भाजीत तिखट किती लागतं ते शिकतात, मी डि-डा शिकले. संध्याकाळी हे पितळी खटका घेऊन बसायचे, मी समोर चूल सांभाळत कानानं तपासायची. सगळ्यात जास्त वेळा वाजवायचं ते सी आणि क्यू. सगळ्या जगाला उद्देशून मारलेली हाक आहे ती, म्हणजे कुणीही ऐकत असाल तर बोला. डा डि डा डिट, डा डा डि डा. ह्यांचा शेवटचा डा कायम लांबायचा.

"अवो, शेवटचा डा काहून ओढता? मार्क कापतीन ना," मी म्हणायची.

"आपण कोणाच्या दारात जाऊन 'कोणी हाय काऽ' म्हणतो, तं 'का' ओढतोच ना? ही बी थेच हाक हाय."

"थे मास्तर वऱ्हाडातले नसतीन."

पास झाले. ओढलेल्या डासकट पास झाले. मग माईकवाला सेट आला, माईक हातात घेतल्यावर ह्यांना खटका कशाला लागतो? पितळी खटका फडक्यात गुंडाळून पेटीत गेला, आणि माझी विद्याही त्याच्याबरोबर गेली असं मी समजून चालले.

ऑपरेशन झालं तो उन्हाळा होता. मुलीनं, प्रीतीनं, पुण्याहून लिहायची पाटी आणली, बटन दाबलं की पुसली जाणारी. हे विज्ञानाचे सर, पण ती पाटी हातात घेतली की चेहरा पहिलीतल्या पोरासारखा व्हायचा. एक दिवस पाटी कपाटावर टाकून दिली. त्याच दुपारी मी ओट्याशी उभी, आणि पाठीमागून स्टीलच्या ग्लासावर चमचा वाजला. मी दुर्लक्ष केलं. पुन्हा वाजला. डा डि डा डिट. हात थांबला माझा. चहा मागत होते, इंग्रजी अक्षरांतून मराठी. लहानपणचे पाढे झोपेत विचारले तरी येतात तसं ते सगळं माझ्यात कुठंतरी पडून होतं. मी न वळता म्हटलं, "साखर घालू का तशीच करू?" आणि मग पदर डोळ्याला लावला. त्या दिवसापासून आमचं घर टकटकायला लागलं.

एक मात्र झालं. गळ्यानं श्वास घेणाऱ्या माणसाला चहा फुंकता येत नाही. तोंडात हवाच नसते. आपल्याला हे कधी सुचत नाही, फुंकर काय विकत घ्यावी लागते का? हे कप समोर ठेवून वाफ निवेपर्यंत बघत बसायचे. मग मी फुंकून द्यायला लागले. पहिल्यांदा ह्यांना राग आला, दुसऱ्यांदा घेतला.

तर गोष्ट आहे त्यानंतरच्या हिवाळ्याची. घरातला जुना मोठा सेट नुसता धूळ खात होता. बोलता येत नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे मालेगावात आता रेडिओत ऐकू तरी काय येतं? ज्याच्या त्याच्या घरी इन्व्हर्टर, मिणमिणते एलईडीचे दिवे, खाली पिठाची गिरणी. ह्या सगळ्यांची करकर हवेतून येऊन रेडिओत बसते. सेट लावला की तेल तडतडल्यासारखा आवाज. हे म्हणाले, म्हणजे ग्लासावर वाजवून म्हणाले, सेट मळ्यात न्यायचा. मळ्यात वीज नाही. मग बॅटरीवर चालणारा, पिशवीत मावणारा, उचलून नेता येईल असा छोटा सेट पाहिजे. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतः मागितलेली ही पहिली वस्तू होती. प्रीतीला मी लगेच फोन करून सांगितलं.

मग सुरू झाली निवड. लेकीचं लग्न जमवताना एवढी चिकित्सा झाली नव्हती. प्रीती रोज फोनवर चित्रं पाठवायची. यादीतून आधी हँडी कटली. खिशात मावते, पण ती नजरेच्या टप्प्यात बोलणारी, टेकाड आडवं आलं की संपलं, आणि शिवाय बोलावं लागतं. मग उरले दोन. एक मोठा, सगळं येणारा. रंगीत पडदा, माईक, मोर्स, कॉम्प्युटर जोडून अक्षरं पाठवायची सोय. प्रीतीचा जीव त्याच्यावर. "बाबा, यात टाइप केलं की पलीकडे दिसतं. कुणाला कळणार पण नाही." दुसरा अगदी बारका, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा. त्याला पडदा बोटभर, आणि येतं फक्त मोर्स. माईक लावायला जागाच नाही.

ह्यांनी काय करावं? भाजीचा ताजवा काढला. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा निवाडा शेवटी ताजव्यावरच होतो. मोठ्या सेटचं वजन, त्याला लागणाऱ्या बॅटरीचं वजन, तारेचं वजन, सगळं फोनवर वाचून तेवढी वांगी तोलली, पिशवीत भरली आणि पिशवी खांद्याला लावून गाडी लावतो तिथून पांदणीच्या वाटेनं मळ्याच्या वरच्या धुऱ्यापर्यंत चालून आले. मी मागं मागं. गळ्याच्या छिद्रावर बांधलेलं मलमलीचं फडकं धापेनं आत-बाहेर होत होतं. दुसऱ्या दिवशी बारक्या सेटची वांगी तोलली, ती ओंजळभर झाली. तेवढी घेऊन गेले आणि येताना पिशवीत सांभार पण तोडून आणला. प्रीतीला कळलं तर ती म्हणाली, आई, जगात कुणी वांग्यांनी रेडिओ घेतला नसेल. त्या दोन दिवसांत आम्ही इतकं भरीत खाल्लं की बस.

आणि मोठा सेट बॅटरीही खाणारा. बारक्याला मात्र फवारणीच्या पंपाची बॅटरी पुरत होती. पाठीवरचा बॅटरी पंप आता प्रत्येकाकडे असतो, आमच्याकडेही होता. दिवसा घाटेअळीवर फवारायचं, सांजेला तीच बॅटरी काढून रेडिओला लावायची. ह्यांनी मला हे बोटांवर मोजून समजावलं. हिशेब बिनचूक होता. तरी माझ्या तोंडून निघालंच.

"माईकवाला घ्या ना. वजन असंन तं मी उचलीन. पुढं कधी लागला तं?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं की गळ्यात एक झडप बसवून, सराव करून, पुढे थोडाफार आवाज काढता येतो काहींना. मी त्या 'काहींना' वरच लटकून होते. माईक असलेला सेट घरात असला म्हणजे आवाज येण्याची वाट मोकळी आहे, असं मला आपलं वाटत होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ताजव्याच्या पारड्यावर बोटानं हळूच एकच शब्द वाजवला. वजन.

मला तेव्हा राग आला. वजन म्हणे. दोन वांगी जास्त झाली तर काय होतं? मी ताटं आपटली, भरीत करपवलं. पण झोपताना मला कळलं की हे वांग्यांच्या वजनाबद्दल बोलत नव्हते. तो माईक रोज समोर दिसणार, रोज हात तिकडे जाणार आणि परत येणार, ते त्यांना उचलायचं नव्हतं. सकाळी उठून मी प्रीतीला फोन केला आणि म्हटलं, बारकाच मागव.

सेट आला तो हरभरा फुलावर असताना. ती फुलं बघितलीत का कधी? जांभळी, इवलीशी, पानांत लपून राहतात. तीन-चार बोटांनी पान बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. ह्यांनी पेटीतून पितळी खटका काढला, चिंच आणि राखेनं घासला. तांब्याची लांब तार एका टोकाला बाभळीला आणि दुसऱ्या टोकाला मचाणाच्या खांबाला बांधली. मी सतरंजी अंथरली, थर्मास ठेवला. हे इयरफोन कानाला लावून बसले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले. तोंड पडलं.

इयरफोन माझ्या कानाला लावला. टक्. टक्. टक्. कुणीतरी दाराची कडी न थांबता वाजवावी तसं. त्याच्यात दुसरं टक्, जरा वेगळ्या चालीचं. त्याच्यात तिसरं. ह्यांनी बॅटरी बदलली, तार बदलली, सेट उघडून बघितला. आठवडाभर रोज सांजेला मळ्यात जायचं आणि रोज ती टकटक ऐकून यायचं. सेट परत पाठवायचं ठरत आलं होतं. त्या दिवशी मी कंटाळून समोर बघत होते. आमच्या धुऱ्यावर झटका मशीनचा डबा आहे, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. एका कानात टक् वाजलं आणि तिकडे दिवा लुकला. पुन्हा टक्, पुन्हा दिवा. मी ह्यांचं मनगट धरून दाखवलं आणि दोघंही कपाळाला हात लावून बसलो. गावाच्या करकरीतून पळून मळ्यात आलो, आणि मळ्यात आपणच लावलेली झटका मशीन विसरलो.

सांगते, झटका मशीन म्हणजे काय. वावराभोवती तारेचं कुंपण, त्यात क्षणाक्षणाला विजेचा एक झटका सोडणारा डबा, वर सोलरची पाटी. रानडुक्कर नाहीतर रोही, म्हणजे नीलगाय, तारेला नाक लावतो, झटका बसतो, मागे पळतो, मरत नाही. ही मशीन आल्यापासून शिवाराला झोप मिळाली. तो प्रत्येक झटका हवेतून येऊन रेडिओत टक् करतो, हे विज्ञानाच्या सरांना माहीत असायला पाहिजे होतं, हे मी त्यांना घरी जाताना एकदा, आणि जेवताना एकदा सांगितलं. आमची मशीन बंद करून बघितली. मग शेजारच्या देवानंदभाऊंची ऐकू यायला लागली, तिच्यामागे नाल्याकडची, तिच्यामागे टेकाडाकडची. सगळ्या शिवाराची नाडी त्या बारक्या डब्यात वाजत होती.

लोकांना मशीन बंद करा म्हणून सांगायचं का? ह्यांनी मान हलवली. डुकरांचा कळप एका सांजेत हरभऱ्याचं वावर नांगरून ठेवतो. लोकांचं पोट आहे ते, आपली हौस आहे, असं त्यांनी थर्मासच्या झाकणावर वाजवलं. सेट पिशवीत भरला, पिशवी घरात खुंटीला टांगली. खटका पुन्हा फडक्यात गेला. आणि त्यानंतर ग्लासही वाजेना. हेच मला सहन होईना. चहा पाहिजे असला तर माझ्या समोर येऊन उभे राहायचे. घर एवढं गप्प झालं की कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची.

शेवटी मीच देवानंदभाऊंच्या वावरात गेले. देवानंदभाऊ बँकेतून रिटायर झालेले, आता पूर्णवेळ शेती, बोलायला खडूस पण मन वाईट नाही. त्यांची बायको मिरचीला पाणी देऊन राह्यली होती.

"जयभीम भाऊ."

"जयभीम वहिनी. सर कुठी?"

"घरी. रुसून बसले."

"कोणावर?"

"तुमच्या मशीनीवर."

मग मी सगळं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं, डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

"माह्यी एकट्याची बंद करून भागन का?"

"नाही भाऊ. नाल्यापासून टेकाडापर्यंतच्या साऱ्या."

"मंग डुकरायले कोण सांगन, का आज सर बोलून राह्यले, तुमी उद्या या म्हणून?"

मी पायानं ढेकूळ फोडत राहिले.

"सरायनं पाठवलं का तुमाले?"

"थे कायले पाठवतीन? थे म्हणतात, लोकायच्या पोटाचा सवाल हाय, आपला शौक हाय."

"शौक हाय म्हणा," भाऊ म्हणाले, आणि वळून नाल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर सांजेले हाक मारत ना वहिनी, तं माह्ये बैल बुजत. मी दोनदा भांडलो त्यायच्याशी. आता सांज झाली का तिकून काहीच येत नाही." एवढंच. मला घाट्यांचे डहाळे उपटून दिले, घरी जाऊन भाजा म्हणाले. मी डहाळे कवेत घेऊन परत आले आणि समजले की झालं, विषय संपला.

चार-आठ दिवस तसेच गेले. मग एका दुपारी भाऊ दारात. चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, उठता उठता ह्यांना म्हणाले, "सर, आज दिवस बुडता मळ्यात येजा. थे तुमचं यंतर घेऊन." ह्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. मी टरबुजाच्या बिया निवडत होते, मान वर केली नाही.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन टेकाडावर गेलं होतं आणि गारवा पायाकडून वर चढत होता. तार बांधलेलीच होती. हरभऱ्यात लोंबलेला तिचा एक भाग आंबेनं धुऊन चिंचेनं घासल्यासारखा लखलखीत झाला होता, बाकीची काळवंडलेली. सेट लावला. टक्, टक्, टक्. ह्यांनी भुवया उचलल्या, म्हणजे झालं ना तुमचं समाधान. मी म्हटलं, "बसा तं खरं." इयरफोनची एक बाजू त्यांच्या कानात, एक माझ्या.

भाऊंनी पलीकडून हात केला तशी आधी आमची मशीन मी बंद केली. मग भाऊंच्या धुऱ्यावरचा लाल दिवा गेला आणि कानातलं एक टक् कमी झालं. मग त्याच्या पलीकडचं. मग नाल्याकडचं. एकेक टक् गळत होतं आणि ह्यांची बोटं माझ्या हातावर घट्ट होत होती. शेवटी टेकाडाकडचं एकच राहिलं, बराच वेळ राहिलं. भाऊ तिकडे तोंड करून ओरडले, "अबे रामा, तुह्यावाली राह्यली," आणि तेही गेलं. कानात बारीक खळखळ उरली, लांबवर कुठं पाट वाहत असावा तशी. एवढी शांतता त्या सेटमध्ये आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि त्याच वेळी बाहेर गलका उठला. मशीन बंद म्हणजे राखण माणसानं करायची. धुऱ्याधुऱ्यावर माणसं उभी होती, हातात तेलाचे रिकामे डबे आणि काड्या. मशीन येण्याच्या आधी राखण अशीच असायची. एकानं हाक द्यायची, ती संपता संपता शेजारच्यानं उचलायची, मग त्याच्या शेजारच्यानं. हाक शिवाराला वळसा घालून पहिल्याकडे परत आली की समजायचं, सगळे जागेवर आहेत. "हाऽऽऽ हुऽऽऽर्रा." भाऊंनी सुरुवात केली. नाल्याकडून आली, टेकाडाकडून आली, वळून आमच्या धुऱ्याशी आली आणि तिथं तुटली. आमच्या जागी कुणी हाक देणारं नव्हतं. ह्यांनी खटक्यावर हात ठेवला.

डा डि डा डिट. डा डा डि डाऽ.

पुन्हा. मग आपली खूण, म्हणजे परवान्यावरचं नाव, आणि मग ऐकत बसायचं. काही नाही. पुन्हा तेच. काही नाही. नाल्याकडून ओरडा आला, "आले रे, आले, दाबा तिकून," डब्यांचा नुसता धडधडाट. ह्यांचा हात थांबला. उठायला लागले. लोकांचं वावर चाललंय आणि मी खटका बडवतोय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. मी खांदा दाबून खाली बसवलं. "हाकलतीन थे. तुमी वाजवा." भाऊंच्या बायकोचा आवाज सगळ्यांच्या वर होता. डुकरांना तिनं ज्या शिव्या दिल्या त्या मी इथं लिहीत नाही.

ह्यांनी पुन्हा वाजवलं. शेवटचा डा ओढला, जसा पहिल्या हिवाळ्यात चुलीसमोर ओढायचे.

आणि खळखळीतून कुणीतरी बोललं. बारीक, पण ठसठशीत. आधी ह्यांची खूण, मग ह्यांचं नाव. इटारसीचे वर्माजी. मोर्सच्या काळापासूनचे दोस्त, नंतर माईकवरही वर्षानुवर्षं बोललेले, एकमेकांचं तोंड कधी बघितलेलं नाही. त्यांना ऑपरेशनचं काही माहीत नव्हतं. हे अचानक गप्प झाले एवढंच माहीत होतं. मी ओठांनी एकेक अक्षर जुळवत गेले. वर्माजी हिंदीत वाजवत होते. "निशानी बाद में सुनी, तुम्हारा लंबा क्यू पहले पहचाना. इतने दिन कहाँ थे भाई? आवाज़ बिलकुल वही है."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाचलं की नाही ते बघत होते. मी मान हलवली. ह्यांचं तोंड हसत होतं, आवाजाविना, आणि गळ्यावरचं मलमल भराभर हलत होतं. मला वाटलं आता सगळं सांगतील, दवाखाना, गळा, सगळं. त्यांनी खटका ओढून घेतला आणि उत्तर दिलं. "चने के खेत में बैठा हूँ. घाटे अच्छे लगे हैं."

मग दोघं बोलत राहिले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. माझी इयरफोनची बाजू मी काढून त्यांच्या दुसऱ्या कानात घातली आणि उठून उभी राहिले. अंधारून आलं होतं. डबे थांबले होते, म्हणजे कळप परतला असावा. पलीकडून भाऊंची हाक आली.

"लागलं का सऽऽर?"

सगळं शिवार थांबलं होतं, उत्तरासाठी. ह्यांचे दोन्ही कान बुजलेले, आणि बुजलेले नसते तरी. सून म्हणून या मळ्यात आल्यापासून मी कधी धुऱ्यावरून हाक दिली नव्हती. कुणी मना केलं नव्हतं, पण ह्यांचीच हाक एवढी मोठी की आमच्या घराला दुसरी लागलीच नाही. मी पदर खोचला, तोंडाला हाताचा चोंगा केला.

"लागलंऽऽऽ."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. भाऊंनी तो उचलला, "लागलंऽऽ," मग नाल्यानं, मग टेकाडानं, आणि हाक वळसा घालून परत आमच्या धुऱ्यावर आली. एकेक करून लाल दिवे पुन्हा लुकलुकायला लागले. ह्यांच्या कानात टकटक सुरू झाली असणार, कारण त्यांनी वर्माजींचा निरोप घेतला, इयरफोन काढले आणि थर्मासवर बोटानं वाजवलं. मी चहा ओतला, फुंकला आणि त्यांच्या हातात दिला.